तीन घरचा पाहुणा

सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम कंपाइल झाला की त्याचा मशीन कोड बनतो. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो विंडोजखाली असो की लिनक्सखाली, सूचना त्याच पाळतो. म्हणजे एकदा कंपाइल केलेला प्रोग्राम सगळीकडे चालायला हवा. तो चालत नाही. कोड कोणत्या वेष्टनात बांधायचा, याबद्दल तीन सिस्टिम्सची तीन मतं आहेत: विंडोजला पीई हवं, मॅकला माख-ओ, लिनक्सला ईएलएफ. शिवाय साधी खिडकी उघडायची, तरी प्रत्येकीची मनधरणी वेगळ्या शब्दांत करावी लागते.

विंडोजची ईएक्सई फाइल 'एमझेड' या अक्षरांनी सुरू होते. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं. डॉसच्या काळात त्यांनी ही फाइलरचना आखली. चोपडीच्या पहिल्या पानावर श्री घालतात तशी ती अक्षरं आजही घातली जातात. निर्मात्याची डिजिटल सही नसेल, तर विंडोजचा पहारेकरी स्मार्टस्क्रीन निळी पाटी आडवी धरतो. 'तरीही चालवा' हे बटण त्या पाटीत असतं, पण आधी 'अधिक माहिती' मागणाऱ्यालाच दिसतं. चौकस माणसाला धोका पत्करायची मुभा आहे, असा याचा अर्थ घ्यायचा.

मॅकवर ॲप ओढून ॲप्लिकेशन्समध्ये टाकलं की काम संपलं. वापरणाऱ्याचं. निर्मात्याने वर्षाला 99 डॉलर भरायचे, सही करायची, आणि 2019 च्या कॅटालिना या मॅक आवृत्तीपासून ॲप ॲपलकडे तपासणीलाही धाडायचं. 2020 मध्ये ॲपलने मॅकमध्ये स्वतःच्या एआरएम चिप बसवल्या, तेव्हापासून इंटेल आणि एआरएम असे दोन्ही कोड एकाच ॲपमध्ये कोंबणं आलं. पॉवरपीसी सोडून इंटेलकडे जाताना हीच कसरत केलेल्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

लिनक्सवर फी नाही, पाटी नाही, परवानगी नाही, आणि वैताग सर्वांत जास्त. लिनक्सचे अवतार अनेक: डेबियनला डेब पॅकेज लागतं, फेडोराला आरपीएम, आणि प्रत्येकाकडच्या लायब्ररींच्या आवृत्त्या निराळ्या. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्या खुद्द लिनस टोरवाल्ड्सना हे भोगावं लागलं. स्कूबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणारा सबसरफेस हा प्रोग्राम त्यांनी 2011 मध्ये सुरू केला. 2014 मध्ये डेबियनच्याच परिषदेत त्यांनी सांगून टाकलं, की आम्ही विंडोज आणि मॅकसाठी तयार फाइली देतो, लिनक्ससाठी जवळपास देतच नाही. कर्नलच्या जनकाचा प्रोग्राम कर्नलच्याच घरी उपरा!

यातली मोठी मेख म्हणजे जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी. जुन्या जीलिबसीवर कंपाइल केलेला प्रोग्राम नवीवर सहसा चालतो. नवीवर केलेला जुनीवर बहुधा अडतो. त्यामुळे ताज्या प्रोग्रामसाठी मुद्दाम जुनाट लिनक्स जपून ठेवावं लागतं. यावर ॲपइमेजचा उतारा आहे: लागतील त्या लायब्ररी एकाच फाइलीत सोबत घ्यायच्या. त्यातून जीलिबसी मात्र सहसा वगळतात, म्हणून ॲपइमेज बांधायलाही जुनाट लिनक्सच लागतं.