किफायतशीर खरेदीचे शास्त्र

फूड प्रोसेसर घेताना नुसती किंमत पाहू नये. किमतीला अटॅचमेंटच्या संख्येने भागावे. चकत्या, कीस, कणीक, खोबरे, संत्र्याचा रस... आकडा वाढेल तसा दर उतरतो. त्यामुळे ज्या पात्याचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही, तेच खरे पैसे वाचवते. अशी पाती भरपूर असावीत. ती ठेवायला ओट्याखाली जागा नसल्यास मोठा फ्लॅट पाहावा; तो खर्च स्वयंपाकघराच्या खात्यात धरत नाहीत.

मोटरला पाच-पाच वर्षांची वॉरंटी मिळते, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या लॉकला नाही. ही दूरदृष्टी आहे. लॉक बसल्याखेरीज यंत्र सुरू होत नाही. ते मोडले की यंत्र कायमचे सुरक्षित होते आणि मोटर वॉरंटी संपेपर्यंत कोरी करकरीत राहते.

कणीक दोन मिनिटांत मळून होते. नंतर भांडे, पाते, झाकण, दट्ट्या घासण्यात जातो तो वेळ मोजायचे कारण नाही, कारण त्याला वीज लागत नाही.

निवड मात्र घरातल्या पुरुषानेच करावी. वॅट आणि आरपीएम त्याला तोंडपाठ असतात. शिवाय निर्णय निःपक्षपाती होतो: पुढे त्या यंत्राशी त्याचा काही संबंध येत नाही.