छातीचा फोटो

दुबईत नोकरीचा व्हिसा हवा असेल तर सरकार तुमचं रक्त घेतं आणि छातीचा फोटो काढतं. रक्तात एचआयव्ही शोधायचा, फोटोत टीबी. साखर? कोलेस्टेरॉल? त्यांच्यावाचून व्हिसा अडत नाही. बरोबरच आहे म्हणा, हार्ट अटॅक काही लागट नाही. तुमच्यामुळे शेजाऱ्याला काय होईल, एवढाच प्रश्न. तुमचं काय होईल ते तुम्ही आणि तुमची विमा कंपनी बघून घ्या.

स्वतःच्या नागरिकांना मात्र अबू धाबीने ‘तुमचं काय होईल’ हे विचारलं. 2008 साली ‘विकाया’ ही मोहीम काढून पहिल्या फेरीत पन्नास हजारांवर लोक तपासले. 35 टक्के लठ्ठ, 18 टक्क्यांना मधुमेह, आणखी 27 टक्के त्याच्या उंबरठ्यावर. पुढच्या दहा वर्षांतला हृदयरोगाचा धोका काढायला सूत्र घेतलं ते फ्रेमिंगहॅमचं. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात 1948 साली 5,209 माणसं धरून अभ्यास सुरू झाला. जवळजवळ सगळी गोरी. म्हणजे माप अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं आणि सदरा अबू धाबीतल्या अल ऐनच्या माणसाला.

तसलंच गणित आता आपल्या मोबाइलवर आहे. वय, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट भरा की टक्के हजर. यात वयाचं वजन भारी. त्यामुळे शारजात राहून रोज दुबईला गाडी हाकणारा पस्तिशीचा कोल्हापूरकर सिगारेट ओढत असला, तरी बाकी आकडे बरे असल्यास ‘कमी धोका’ घेऊन खुशाल बाहेर पडतो. बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (2004) दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आला, इतरांना 59 च्या आसपास. आपल्याला सगळीकडेच घाई. त्याच अभ्यासाने पोटाचा घेर आणि मनावरचा ताणही धोक्यांत मोजला होता. फ्रेमिंगहॅमच्या सूत्रात दोन्हींना रकाना नाही. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता आणि ‘कंपनीत माणसं कमी करतायत म्हणे’ ही कुजबुज कुठे भरायची? शिवाय भाकीत दहा वर्षांचं, व्हिसा दोन वर्षांचा.

सूत्र खोटं नाही. शंभरांत किती, हे ते बऱ्यापैकी सांगतं. कोण, हे नाही. सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या चौकडीपैकी एक तरी हृदयरोग्यांपैकी 80 ते 90 टक्क्यांत सापडतो, असं 2003 साली अमेरिकेत छापून आलं. धडकी भरवणारा आकडा! पण दुबईतल्या गणपतीच्या आरतीला उभं राहून विचारा, चारांपैकी एकही नसलेल्यांनी हात वर करा. हात वर न करणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढच्या वर्षीही मोदक खायला येतील. जे इतक्या जणांत आहे ते झटका कुणाला येणार हे कसं सांगणार?

लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी 1980 च्या दशकातच गोम सांगितली होती: जास्त धोक्याचे लोक थोडे, कमी धोक्याचे अमाप, म्हणून एकूण झटक्यांत दुसऱ्या गटाचा वाटा मोठा निघू शकतो. तेव्हा एकेकाला हुडकत बसण्यापेक्षा सगळी गर्दीच थोडी कमी धोक्याकडे सरकवा.

अमिरातीने तेही करून पाहिलंय. 2017 मध्ये कोलासारख्या फसफसत्या पेयांवर 50 टक्के कर बसवला, तंबाखूवर 100. टपरीवर समोर उकळून मिळणारा गोडमिट्ट करक चहा मात्र त्यातून सुटला. त्याच साली दुबईने तीस दिवस, रोज तीस मिनिटं व्यायामाचं आव्हान सुरू केलं. 2019 पासून त्यात शेख झायेद रोडवरची दौड आली. त्या सकाळी या रस्त्यावर गाड्या बंद आणि आपली माणसं धावतात. उरलेलं वर्षभर गाड्या धावतात.