सगळे आले का फोटोत?

रोहित पक्ष्याला एकट्याने जेवणं माहीत नाही. चार-चौघं, खरं तर चार-चौघांच्या पन्नासपट मंडळी जमली की मग तो निवांतपणे चिखलात चोच घालतो. थंडी पडली की उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला, हे पक्षी येतात आणि त्यांच्या मागोमाग पुण्याहून शंभरेक किलोमीटरचा सोलापूर रस्ता तुडवत कॅमेरेवाले येतात. पक्षी थव्याने आलेले असतात. कॅमेरेवाले मात्र त्या थव्यातला एकच गाठतात, त्याच्या डोळ्यावर फोकस लावतात आणि उरलेल्या दीड-दोनशे जणांचा गुलाबी धूर करून टाकतात. वर पुन्हा एकमेकांना दाखवतात, ‘बॅकग्राउंड काय मस्त ब्लर आलंय!’ ते बॅकग्राउंड म्हणजे त्या पक्ष्याचे सगेसोयरे असतात, हे कोणाच्या गावीही नसतं.

मला हे जमणार नव्हतं. मी घरातल्या लग्नांत ग्रुप फोटो काढणारा माणूस आहे. ठरवलेला फोटोग्राफर जेवायला बसला की आत्या, मावश्या, रुसलेले काका आणि कोणाच्याच नात्यात बसत नसलेले एक गृहस्थ अशा सर्वांना तीन रांगांत उभं करण्याचं काम माझ्याकडे येतं. कोणीही सुटता कामा नये, हा त्यातला एकमेव नियम. एका मुंजीत कडेच्या एक वहिनी निम्म्याच आल्या होत्या. ती सुटलेली बाजू पुढे कित्येक दिवाळ्या आमच्याकडे फराळाला आली नाही. अशा संस्कारांतून आलेल्या माणसाला कोणी ‘एकच पक्षी पकड’ सांगितलं, तर त्याला ते घर फोडण्याचा सल्ला दिल्यासारखं वाटतं.

सल्ला भाच्याचा होता. कॅमेरा माझा, पण लांबचं टिपायची ४०० मिलिमीटरची लेन्स त्याची. ती झूम होत नाही. ‘मामा, ही प्राइम लेन्स आहे, तुम्हालाच मागेपुढे व्हायचं,’ असं त्याने बजावलं होतं. होडीत मागेपुढे कुठे व्हायचं, हे त्याने सांगितलं नाही. त्याने एक कागद मात्र दिला. लेन्स एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दाखवते. त्याच्या जरा अलीकडचं, जरा पलीकडचं चालून जातं आणि बाकी सगळं धुरकट. या चालून जाणाऱ्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. कागदावर माझा कॅमेरा, त्याची लेन्स आणि एफ ५.६ धरून हिशोब मांडला होता: पक्षी साठ मीटरवर असेल तर पट्टा सोळा फुटांचा, तीस मीटरवर चार फुटांचा, पंधरा मीटरवर एक फुटाचा. अंतर निम्मं झालं की पट्टा चौथाई. म्हणजे जितकी जवळीक वाढवावी, तितकी माणसं तुटणार. आमच्या खानदानाचा इतिहास कोणीतरी गणितात मांडून ठेवल्यासारखा मला भास झाला.

‘मग एफ ११ ठेवतो,’ मी म्हणालो. एफचा आकडा वाढवला की लेन्सचं भोक लहान होतं आणि पट्टा रुंदावतो, एवढं मी वाचलं होतं. भाचा म्हणाला, ‘ठेवा. पट्टा दुप्पट होईल आणि उजेड चौथाईवर येईल. मग शटर मंद करा, म्हणजे हलत्या होडीत सगळेच हलतील. नाहीतर आयएसओ वाढवा, म्हणजे पक्ष्यांवर रवा पडेल.’ या कलेत काहीही मागा, समोरचा लगेच दुसऱ्या खिशात हात घालतो.

कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. होडीवाला तिशीतला, कानाला मफलर, हातात लांब बांबू. हिने त्याला पहिल्याच वाक्यात ‘भाऊ’ केलं आणि दुर्बीण घेऊन पुढची फळी पटकावली. वाटेत चित्रबलाक दिसले, शेकाट्या दिसल्या, पट्टकादंब दिसले. हिमालय ओलांडून येणारे हे हंस चिखलात गप्प बसले होते. एवढ्या प्रवासानंतर मीही बसलो असतो. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की दिसतं. पाणी उतरलेलं नव्हतं.

रोहित मात्र होते. साठ-सत्तर मीटरवर, उथळ पाण्यात, पाऊणशे तरी. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पहिली अडचण समोर आली: एकालाही डोकं नव्हतं. रोहित खातो डोकं उलटं करून. वाकडी चोच पाण्यात पालथी घालायची, जिभेने पंपासारखं पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीत अडकेल ते गिळायचं. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पंगत बसल्यावर फोटोला जावं आणि सगळ्यांच्या माना ताटात असाव्यात, तसं ते दृश्य होतं. पाऊणशे पाठी आणि दीडशे पाय. माझा कॅमेरा आपण होऊन पक्ष्याचा डोळा शोधतो आणि त्यावर चौकोन काढतो. डोळा एकही सापडेना, तेव्हा तो चौकोन बराच वेळ पाण्यावर भिरभिरला आणि शेवटी हिच्या टोपीवरच्या बटणावर जाऊन बसला.

‘जवळ घेऊ का?’ होडीवाल्याने विचारलं.

खिशातला कागद ‘नको’ म्हणत होता. पण लांबून ते फार बारीक दिसत होते आणि माणसाचा लोभ पट्ट्याच्या रुंदीवर चालत नाही. तीस मीटरवर आलो. तेवढ्यात कसलीशी चाहूल लागली आणि सगळ्यांनी एकदम माना वर काढल्या. पाऊणशे डोकी, पाऊणशे डोळे! चौकोनाला हर्षवायू झाला. तो याच्या डोळ्यावर बसे, तिथून त्याच्या, तिथून मागच्या रांगेतल्या तिसऱ्याच्या. रोहितांनी संचलन सुरू केलं. ते असे शिस्तीत, एकामागे एक चालतात. माझ्यासमोर आडवे चालले असते तर सगळे सारख्या अंतरावर आले असते आणि चार फुटांच्या पट्ट्यात सबंध वरात बसली असती. ते तिरके चालले. पुढारी ठळक, मधले पुसट, शेपटाकडचे नुसते संशय.

मी म्हणालो, ‘जरा डावीकडून घ्या, म्हणजे रांग आडवी दिसेल.’ होडीवाल्याने बांबू टेकवला, होडी वळली, आणि त्याच वेळी दुसरी होडी आली.

तिच्यात अंगभर झाडापानांच्या नक्षीचे कपडे घातलेले तिघे होते. जंगलात हे कपडे उपयोगी पडत असतील. उघड्या पाण्यावर मात्र ती तीन झुडपं दोन किलोमीटरवरूनही नजरेत भरली असती. त्यांच्या लेन्स माझ्या लेन्सच्या आजोबा शोभतील अशा. त्यातलं एक झुडूप आपल्या होडीवाल्याला म्हणालं, ‘उडव ना जरा. पंखांचा लाल यायला पाहिजे.’

त्यांचा होडीवाला घुटमळला. मग दुसरं झुडूप काहीतरी जास्तीच्या पैशांचं बोललं, इंजिन सुरू झालं आणि होडी थव्यात घुसली.

थवा उठला. लाल पंख, काळ्या कडा, लांबवलेल्या माना. दृश्य सुंदर होतं, हे सांगताना मला लाज वाटते. सकाळपासून एकेक कण गाळून पोटात घातलेला त्यांनी त्या फेरीत जाळला असणार, आणि का, तर पंखाच्या आतला रंग कोणाच्या तरी मोबाइलवर दीड सेकंद दिसावा म्हणून. लग्नाच्या पंगतीत मी एवढे फोटो काढले, पण पानावरून उठवून कोणाला नाचायला लावलं नाही. मी ओरडलो. काय ओरडलो ते हिने नंतर मला दोनदा म्हणून दाखवलं, छापण्यासारखं नाही.

त्यांच्या लाटेपासून आम्हाला वाचवायला आमच्या होडीवाल्याने होडी कडेला उथळात घेतली, आणि ती चिखलात बसली.

नुसती टेकली नाही, बसली. बांबूने रेटून पाहिलं, तर बांबूच वर येईना. होडीवाल्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरला. दुमडलेलीसुद्धा चिखलात गेली. त्याने खांदा लावला. होडीने ‘सुस्स’ केलं आणि आणखी रुतली. मी उठून वजन पलीकडे टाकायला गेलो, तर ही ओरडली, ‘बसा! आधी लेन्स धरा, ती आपली नाही!’ नवरा आपला आहे, याचा उल्लेख त्यात नव्हता.

‘सायेब, हालू नका,’ होडीवाला म्हणाला. ‘दुसरी होडी आली की वढून काढू.’

दुसरी होडी म्हणजे झुडपांची नव्हे. ती केव्हाच पुढच्या थव्याकडे निघून गेली होती. आम्ही बसलो. ऊन चढलं. हिने डबा उघडला आणि दशम्या काढल्या. होडीवाला चिखलात उभ्याउभ्याच चटणी लावून खाऊ लागला. खाताखाता त्याने पायाखाली बोट दाखवलं.

‘हितं आमच्या आज्याचं रान हुतं. जोंधळ्याचं.’

धरण १९८० साली पुरं झालं. भीमेचं पाणी अडलं, यशवंतसागर भरला आणि काठची गावं उठून वर सरकली. त्याचा बाप तेव्हा शाळेत होता. ‘पानी आलं तवा बा म्हनं बांधावर बसून बघत हुता,’ तो म्हणाला आणि दशमीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मग हिने विचारलं, ‘भाऊ, नेमकं कुठे?’ त्याने नजर फिरवून किनाऱ्यावरचं एक झाड, एक टेकाड आणि विजेचा एक खांब यांची काहीतरी मोजणी केली आणि म्हणाला, ‘ताई, आपन त्येच्यातच रुतलोय जणू.’ आम्ही दोघं बराच वेळ होडीच्या कडेवरून त्या गढूळ पाण्याकडे पाहत राहिलो. लेन्स मी खाली ठेवली होती.

तेवढ्यात भाच्याचा फोन. ‘मामा, एफ किती ठेवलाय?’ मी म्हणालो, ‘आम्ही रुतलोय.’ तो म्हणाला, ‘मग हललं काहीच नसणार! आता ११ ठेवा!’ तरुण पिढीला संकटात संधी दिसते, ती अशी.

आणि थवा परत आला. घिरट्या घालून तो दूर उतरला होता. आता तो खात-खात आमच्याच दिशेने सरकू लागला. रुतलेली होडी आणि गप्प बसलेली तीन माणसं यांची भीती वाटावी असं त्यांना काही दिसलं नसावं. चाळीस मीटर. तीस. मी कॅमेरा उचलला, एफ ११ केला, आयएसओ चढवला. पट्टा आठ फूट. पाच-सहा जण बसू लागले. वीस मीटर. दोघे. मी मनातल्या मनात त्यांना ‘जरा मागे सरका, मागे’ म्हणत होतो. त्यांनी ऐकायला ते काही वऱ्हाडी नव्हते. पंधरा मीटरवर फ्रेममध्ये एकच पक्षी मावू लागला आणि त्याचीही चोच स्पष्ट आली की शेपूट पुसट व्हायचं. पाऊणशे जणांपासून सुरुवात केलेल्या माझ्या ग्रुप फोटोत आता एका इसमाचीही पूर्ण उपस्थिती लागेना.

त्या थव्यात एक करडा होता. रोहिताचं पिल्लू जन्मतं सरळ चोच घेऊन. चोच मग हळूहळू वाकते आणि गुलाबी रंग चढायला तर वर्षं जातात. याला अजून काहीच चढलं नव्हतं. मातकट अंग, काळपट पाय. मोठे एकमेकांना खेटून खात होते. हा शिरू पाहायचा, कोणीतरी चोच मारायचं, हा बाजूला व्हायचा आणि जिथे कोणी नाही तिथे पुन्हा डोकं उलटं करून नेटाने चिखल गाळायला लागायचा. इतके फोटो पाहिले मी भिगवणचे, पण करडा पक्षी कशात आठवत नाही. तो बहुतेक कडेला असतो आणि कडेचं कापून टाकतात. त्याने मान वर केली, तेव्हा चौकोन बरोबर त्याच्या डोळ्यावर बसला. मी बटण दाबत राहिलो. मागे मोठ्यांचा गुलाबी धूर झाला, आणि तो होऊ दिला.

आम्हाला ओढून काढायला आणखी दोन होड्या आल्या तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. काठावर चिलापी तळलेली तयार होती. मासा मूळचा आफ्रिकेचा, पण इथल्या तिखटाशी त्याचं पूर्ण जमलंय. हात धुतोय तोच आमचा होडीवाला आला. ‘सायेब, सकाळपासनं एवढं काढलं, माझा येक काढा की. डीपीला.’

मी लेन्स रोखली. ती साडेतीन मीटरच्या आतलं काही पाहतच नाही, म्हणून मागे सरकलो. मग फक्त मफलर दिसला, म्हणून आणखी मागे. तेवढ्यात होड्या ओढायला आलेले दोघे येऊन उभे राहिले. मग चिलापी तळणाऱ्या मावशी. मग त्यांची नात. मग झुडपांना घेऊन गेलेला तो होडीवाला, जरा ओशाळत, कडेला. ‘ये की रं,’ आमचा त्याला म्हणाला. कोणी सांगितलं नाही, पण सगळे आपोआप खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहिले. आडवे. सारख्या अंतरावर. मी मागे जात राहिलो. बाभळ ओलांडली, उकिरडा ओलांडला, कोणाचं तरी कुत्रं मागे लागलं. साठ मीटरवर सहाही जण फ्रेममध्ये मावले, पण माझं ओरडणं त्यांना ऐकू जाईना. शेवटी फोन लावला.

‘कडेच्यांना म्हणावं जरा आत सरका. आणि मावशींना म्हणावं, इकडे बघा.’

‘कुनीकडं?’

‘कुत्र्याच्या मागे मी आहे, तिकडे.’

त्याने कानाचा फोन न काढता सगळ्यांना आत ढकललं. ‘सरले. आता उरका सायेब, मावशीचं तेल तापलंय.’