मुलाला ०.६३ येतं

आमच्या वेळी गुरुजी प्रगतिपुस्तकात 'गणित कच्चे' एवढं लिहायचे. वडील सही करण्याआधी पाठीत एक ठेवून द्यायचे आणि निदान, उपचार दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायचे. चिरंजीवांचा सहावीचा चाचणी अहवाल मात्र चार पानी, रंगीत आला. त्यात गुण नाहीत. अपूर्णांकांच्या वजाबाकीची आठ कौशल्यं आहेत आणि प्रत्येकापुढे संभाव्यता. 'छेद समान करणे : ०.६३.'

०.६३ला बक्षीस द्यायचं की धपाटा, हे चारही पानांवर कुठे छापलेलं नाही.

म्हणून मी वाचायला बसलो. तिथेच चुकलं. अमेरिकेत किकुमी तात्सुओका यांनी १९८३ साली, मूल नेमकं कुठे अडतं हे त्याच्या उत्तरांवरून ओळखायची पद्धत मांडली. ५३६ मुलांनी सोडवलेली त्यांची अपूर्णांकांची २० उदाहरणं संख्याशास्त्रज्ञ अजून दळताहेत. एक तक्ता करायचा, कोणत्या उदाहरणाला कोणकोणती कौशल्यं लागतात याचा. ४ पूर्णांक १/३ वजा २ पूर्णांक २/३ करायला पूर्णांकातून उसना घ्यावा लागतो. आमच्याकडे उत्तर २ पूर्णांक १/३ येतं, कारण एकातून दोन जात नसतील तर चिरंजीव दोनातून एक घालवतात. (तडजोडीचा स्वभाव आईकडून.) एक कौशल्य नसलं की बाकीची असूनही त्या उदाहरणापुरती नसल्यासारखीच, एकनाडी निघाली की उरलेले गुण कोण मोजतं? आठ कौशल्यं, प्रत्येक असेल किंवा नसेल, म्हणजे २५६ प्रकारची मुलं. आमच्या वर्गात दोनच प्रकार होते.

त्याहून मनाला लागलं ते पुढचं. उत्तर बरोबर आलं तरी 'अंदाजपंचे आलं असेल' म्हणून त्यातलं थोडं कापून घेतात. चुकलं तर 'हात घसरला असेल' म्हणून थोडी सूट. येत असण्याची शक्यता आधी निम्मी धरायची, न येता जमण्याची ०.२५, येत असून चुकण्याची ०.१, मग तीनपैकी दोन बरोबर आले की ०.६३. हा हिशेब मी तीनदा केला. दोनदा बरोबर आला.

शेवटी चिरंजीवांनाच विचारलं. पहिली दोन शेजारणीची बघून लिहिली, असं ते मोकळेपणाने म्हणाले.

"आणि तिसरं?"

"तेव्हा तिने हात आडवा ठेवला होता."