खोकणारा भिडू

मेंढीकोट एकदम सोपा, असं शिकवणारे सांगतात. चौघं, समोरासमोर भिडू, प्रत्येकी १३ पानं. चारपैकी तीन दश्श्या पकडल्या की डाव जिंकला. चारही आल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते जिंकले.

भिडूला खुणा करायच्या नाहीत, हाही नियमच. म्हणून मुरलेले काका बदाम हवं असलं की छातीवर हात ठेवून खोकतात.

नवशिक्या फसतो तो हुकमात. उतारीचा रंग ज्याच्याकडे आधी संपतो, तो टाकेल त्याच रंगाचा हुकूम, असा कित्येक घरांतला रिवाज. हा निष्पापपणे इस्पिकची दुर्री टाकतो आणि भिडूकडे इस्पिक औषधालाही नसतं! मग उरलेला डाव म्हणजे नुसती शिकवणी. विरोधकांना मात्र त्याची प्रगती समाधानकारक वाटते. शिवाय हरणाऱ्यानं पिसायचं, हेही त्याला लगेच समजावलं जातं.