ऑक्सिजन सेन्सर-स्थापना विधी (खास भाचेमंडळींसाठी)

देवासात मोटारींचे काम भलत्याच माणसाच्या गळ्यात मारायची परंपरा जुनी आहे. 1921 साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांनी ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला खासगी चिटणीस म्हणून बोलावले आणि बागा, टेनिसची मैदाने, वीजघर यांच्या जोडीला संस्थानच्या मोटारीही त्याच्याकडे दिल्या. ती परंपरा सध्या आमचे भाचे चालवतात. शिक्षण वाणिज्य शाखेचे, गाडी 1.3 लिटरची जुनी जिप्सी. तिचा कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, काढून त्यांनी लॅपटॉपवरून हवा तसा मॅप करता येणारा बाहेरचा ईसीयू लावला आहे. आता प्रश्न उरला ऑक्सिजन सेन्सर कुठे ठोकायचा, एवढाच. म्हणून ही नियमावली. भाच्यांनी ती गॅरेजच्या दारावर चिकटवावी.

नियम 1. सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसवावा. डॅशबोर्डवर बसते ते त्याचे मीटर. मीटरचा दिवा निळा घ्यावा की लाल, यावर घरात जेवढी चर्चा झाली, ती पाहता हा फरक लिहून ठेवलेला बरा.

नियम 2. चारही सिलिंडरचा धूर जिथे एकत्र होतो, त्याच्या पुढची जागा धरावी. हेडरच्या एकाच नळीत सेन्सर घातला तर तो एकाच सिलिंडरची हकीकत सांगणार आणि ईसीयू बाकीच्या तिघांना तोच न्याय लावणार. इंजिनच्या तोंडापासून साधारण दोन फुटांवर जागा ठीक. फार जवळ गेलात तर सेन्सर भाजून निघतो. बॉशच्या एलएसयू 4.9 या नेहमीच्या वाइडबँड सेन्सरला 930 अंश सेल्सिअसच्या वरचा धूर सोसत नाही. फार लांब गेलात तर बातमी उशिरा पोहोचते.

भाच्यांचा पहिला बेत थेट मागच्या टोकाला, सायलेन्सरच्या तोंडाशी बसवायचा होता. कारण विचारले तर म्हणाले, "मामा, तिथे हात पोहोचतो." हात पोहोचतो हे खरेच, पण तिथे बाहेरची हवाही पोहोचते. आयडलवर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मध्ये ती आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो "पेट्रोल कमी पडतंय" म्हणून ओरडतो आणि ईसीयू बिचारा आणखी ओततो. पेट्रोलचे बिल मामा भरतात.

नियम 3. थोरली पाती आणि धाकटी पाती ओळखावी. देवासकरांना हे समजावायची गरज पडू नये. एकाच गावात दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन दरबार असा कारभार इथे 1948 साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत चालला. नव्या गाड्यांतही दोन सेन्सर असतात. पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. पेट्रोलचा हिशेब त्याच्या हाती. दुसरा कन्व्हर्टरनंतर, कन्व्हर्टर काम करतो की नाही, एवढीच त्याची पाहणी. नव्या ईसीयूला बातमी द्यायची ती पहिल्याची. कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेल्या धुरातला ऑक्सिजन आधीच खर्ची पडलेला असतो, त्यावरून इंजिन चालवू नये. (धाकट्या पातीच्या चाहत्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. तिथल्या दोन्ही गाद्यांचा मान सारखाच होता.)

नियम 4. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढे. नसेल तर टर्बोचा विषय काढणे बंद करावे.

नियम 5. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान राहील असा बंग (सेन्सर बसवायचे आट्यांचे कडे) वेल्ड करावा. आटे 18 मिलिमीटरचे, पिच दीडचा. खालून लावू नये. पेट्रोल जळले की पाणी तयार होते. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून ठिबकते ते हेच. सेन्सरच्या आतली सिरॅमिक पट्टी हीटरने जवळजवळ 780 अंशांपर्यंत तापवलेली असते. तिच्यावर गार थेंब पडला की तडा गेलाच. त्यामुळे आधी इंजिन चालू करावे, मग हीटर. पण सेन्सर पाइपात बसवून "वायरिंग उद्या करतो" म्हणत गाडी फिरवणेही वर्ज्य. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो उद्यापर्यंत टिकत नाही.

नियम 6. सेन्सरचा कनेक्टर कापू नये. त्यात त्या एकाच सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो.

नियम 7. सेन्सरच्या आधीच्या पाइपला गळती नको. गॅस्केट फुटके असेल तर नवे घालावे. वरून साधा सिलिकॉन चोपडू नये, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

नियम 8. आकडा पटला नाही म्हणून सेन्सरची जागा बदलू नये. खरे म्हणजे नियमावली याच एका नियमासाठी लिहिली. जिप्सी मिसिंग मारत होती. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. म्हणून तो "लीन" दाखवत राहिला, भाचे पेट्रोल वाढवत राहिले, प्लग भिजत गेले, आकडा आणखी लीन. अंगणभर पेट्रोलचा वास आणि मीटर सांगतेय की पेट्रोल कमी! यावर भाच्यांचा निष्कर्ष: सेन्सर चुकीच्या जागी आहे, पाइपला दुसरे भोक पाडू.

तेवढ्यात धारहून आमचे मेकॅनिक उस्ताद आले. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलेही नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, हुंगला. चारही प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. तीन काळपट, पण कोरडे. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र ओलाकच्च. "भिया, पहले मिसिंग निकालो." त्या प्लगची वायर टोपीजवळ तडकलेली निघाली. वायर बदलली. सेन्सर होता तिथेच राहिला आणि शहाण्यासारखा बोलू लागला.

नियम 9. हवा-पेट्रोल प्रमाणाच्या 14.7 या आकड्याचा हट्ट सोडावा. तो शुद्ध पेट्रोलचा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याचे प्रमाण 13.5 च्या आसपास येते. लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) 1 बघावा, तो दोन्हीकडे तोच. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मात्र तो एकच्या खाली यायलाच हवा.

नियम 10. ही गाडी ए.बी. रोडवर आणू नये. नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या नोंदीबाहेरचे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. असले ईसीयू शर्यतीच्या बंद मैदानासाठी. धार जिल्ह्यातच पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक 2021 पासून आहे. पण तिथे रीतसर परवानगी लागते, "मामांची ओळख आहे" चालत नाही.

तेव्हा भाचेहो, आधी प्लग, मग गळती, मग सेन्सर, सगळ्यात शेवटी लॅपटॉप. आणि उस्तादांचे पैसे अजून राहिलेत, ते उद्याच्या उद्या धारला पोहोचते करा.