पेठ ते रोम (मार्गे चाकण)

पेठहून एसटीने पुण्याला जाऊन, कामं उरकून त्याच दिवशी संध्याकाळी घरी जेवायला हजर होणारा माणूस जगातल्या कुठल्याही शहरात हरवणार नाही, असं माझं फार जुनं मत आहे. मध्यंतरी लेकीकडे रोमला जाऊन आलो. तेव्हापासून हे मत मी पारावर बसून पुराव्यानिशी मांडू लागलो आहे.

आमचं पेठ आंबेगाव तालुक्यातलं. पुण्याकडून आलात तर खेड घाट चढायचा, नाशिककडून आलात तर मंचर सोडून अवसरीचा घाट चढायचा. मधल्या सपाटीला सातगाव पठार म्हणतात आणि तिथं पावसाच्या भरवशावर बटाटा पिकतो. एवढा सविस्तर पत्ता देण्याचं कारण असं, की महाराष्ट्रात पेठ एक नाही. नाशिक जिल्ह्यातलं पेठ तर तालुक्याचं ठिकाण आहे. सांगलीकडचं पेठ आपल्या नाक्यासकट कोल्हापूर रस्त्यावर बसलंय. आणि पुणे शहरात ज्याला विचारावं तो स्वतःच कुठल्या ना कुठल्या पेठेत राहतो. एका रिक्षावाल्याला मी म्हटलं, "पेठला जायचंय, स्टँडवर सोडा." तो म्हणाला, "काका, पेठेत जायला स्टँड कशाला? चालत पोचाल."

बरं, स्टँड तरी जागच्या जागी आहे का? २०१९ सालच्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्टँड वाकडेवाडीला हललं. पण आमच्या बाजूची माणसं आजही "शिवाजीनगरला उतरायचंय" म्हणतात आणि वाकडेवाडीला उतरतात. कुणाचंच काही अडत नाही. मार्च २०२२ मध्ये पिंपरीकडची मेट्रो सुरू झाली, तेव्हा नाशिक फाट्यावरच्या स्टेशनाला नाव दिलं भोसरी. भोसरी तिथून आणखी पुढं! शिवनेरी किल्ला आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, पण शिवनेरी नावाच्या गाडीचा लौकिक दादर-पुणे रस्त्यावर. परदेशी गेल्यावर कळलं, हे दुखणं एकट्या पुण्याचं नाही. मिलानच्या नावावर चालणारा एक विमानतळ बेर्गामोला आहे, मिलानपासून पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे पुण्याचं स्टँड पेठला बांधायचं आणि वर पाटी लावायची 'पुणे'. आमची काहीच हरकत नाही.

तर रोम. जावई संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत आहेत. बटाट्याच्या गावाला शोभेलसं स्थळ. संघटनेचं मुख्यालय रोमला, आणि दारातच 'चिर्को मास्सिमो' नावाचं मेट्रो स्टेशन. लेक आणि जावई सकाळी कामाला निघाले की आम्ही दोघं मोकळे. "बाबा, सोप्पं आहे, फोनमध्ये बघा आणि फिरा," असं लेकीनं सांगून टाकलेलं. पण आमच्या मंडळींचा फोनवर विश्वास नाही. तिचा विश्वास कंडक्टरवर.

आणि तो का नसावा? १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, तेव्हा चालक किसन राऊत होते आणि वाहक लक्ष्मण केवटे. तेव्हापासून या राज्यात गाडी चालवतो ड्रायव्हर, पण गाडी चालते कंडक्टरच्या दोरीवर. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. एवढ्या दोन शब्दांत आमच्या तीन पिढ्यांचा प्रवास झाला. पूर्वी त्याच्या हातात तिकिटांचा ट्रे असायचा, त्यात रंगीबेरंगी गठ्ठे, आणि हातातला पंच तो दांड्यावर टकटक वाजवत यायचा. झोपेचं सोंग घेतलेले प्रवासी त्या आवाजानं बरोबर जागे व्हायचे. आता मशीन आलं, कागदाची पट्टी सरसरत बाहेर येते, सुट्ट्या पैशांचा वाद फोननं निम्म्यावर आणला. पण मशीनच्या मागचा माणूस तोच आहे. कुणाची पिशवी कुठं ठेवायची, कुणाच्या मुलाचं वय बारा नसून तेरा आहे, कुणाला चक्कर येते म्हणून खिडकीची जागा द्यायची, हे सगळे निवाडे तो चालत्या गाडीत देतो आणि त्यावर अपील नसतं. खेड घाट चढताना डोळा लागलाच, तर "पेठवाले, उठा!" अशी हाक येते. ही सोय कुठल्या ॲपमध्ये आहे?

रोमच्या बसमध्ये चढल्यावर मंडळींनी आधी पुढं पाहिलं, मग मागं पाहिलं. मुठीत युरोचं नाणं घट्ट धरलेलं. "अहो, कंडक्टर कुठंय?"

"इथं कंडक्टर नसतो."

"मग पैसे कुणाला द्यायचे?"

पैसे कुणालाच द्यायचे नसतात, कारण तिकीट आधीच काढलेलं असावं लागतं. आणि ते कुठं मिळतं? तंबाखूच्या दुकानात! बाहेर मोठ्ठा इंग्रजी 'टी' लावलेला असतो. आयुष्यभर माझ्या तंबाखूवर डाफरलेल्या बाईला रोममध्ये पहिल्याच दिवशी मला तंबाखूच्या दुकानात पाठवावं लागलं. दीड युरोला एक तिकीट, शंभर मिनिटं चालतं. पण नुसतं खिशात असून उपयोग नाही. बसमध्ये एक पेटी असते, तिच्या तोंडात ते खुपसायचं. खट्ट आवाज होऊन त्यावर वेळ उमटली की तिथून शंभर मिनिटं सुरू. वेळ उमटवली नाही, तर तिकीट असूनही तुम्ही फुकटे, आणि तपासनीस आला की दंड. म्हणजे कंडक्टरचं काम प्रवाशानं करायचं, आणि चुकलं तर प्रवाशालाच मेमो. मला या शंभर मिनिटांचं मोठं नवल वाटलं. हेच तिकीट एखाद्या संध्याकाळी चाकणच्या अलीकडे पंच केलं असतं, तर तळेगाव चौक ओलांडण्याआधी दुसरं घ्यावं लागलं असतं.

मंडळींचा पुढचा प्रश्न होता, "बायकांना अर्धं तिकीट नाही?" १७ मार्च २०२३ पासून आपल्याकडे बायकांना एसटीत निम्मं भाडं पडतं. तेव्हापासून आमच्या घरात कुठंही जायचं निघालं की खर्चाचा हिशोब ती दीड माणसांचा मांडते. रोमनं दोन पूर्ण तिकिटं मागितली, तेव्हा त्या शहराबद्दलचं तिचं मत जे खाली आलं, ते कॉलोसियम पाहूनही वर गेलं नाही. "पडकंच आहे की," एवढंच म्हणाली.

टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी नावाजलेली. लेकीनं चार वेळा बजावलं होतं. मंडळींनी पैसे कनवटीला लावले. कनवट कापणारा खिसेकापू इटलीत अजून जन्मायचाय. त्या गर्दीत आम्ही मधल्या दाराशी उभे होतो. तिकडे चढायचं पुढच्या-मागच्या दारानं आणि उतरायचं मधल्या. मागून एका आजीबाईंनी मंडळींच्या खांद्याला बोट लावून विचारलं, "शेंदे?"

मंडळी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, हिला माझं माहेरचं नाव कुणी सांगितलं?"

आजीबाईंनी पुन्हा विचारलं, "शेंदे?" मंडळींनी हात जोडून सांगितलं, "हो, शिंदेच. कुरवंडीचे." आजीबाई प्रसन्न हसल्या आणि पुढच्या थांब्याची वाट पाहत आमच्या मागं निश्चिंत उभ्या राहिल्या. थांबा आला, आम्ही उतरलो नाही आणि आजीबाईंना आमच्यामधून घुसून उतरावं लागलं. जाताना त्या जे बोलल्या, ते काही माहेरच्या चौकशीचं नव्हतं. रात्री जावयांनी उलगडा केला: आजीबाई "उतरताय का?" असं विचारत होत्या. मंडळींना ते पटलेलं नाही. तिच्या मते त्या बाईची कुरवंडीत कुणाशी तरी ओळख निघणारच.

रोमला मेट्रोच्या लाइनी तीनच. पहिली १९५५ ला सुरू झाली, दुसरी १९८०ला, तिसरीचा पहिला तुकडा २०१४ला. एवढ्या मोठ्या शहराला तीनच का, म्हणून जावयांना विचारलं. ते म्हणाले, "खणायला घेतलं की खाली काहीतरी निघतं." कुणाचं घर, कुणाची बराक, कुठली भिंत. मग यंत्रं थांबतात आणि ब्रश घेतलेली माणसं खड्ड्यात उतरतात. दोन हजार वर्षांपूर्वी गेलेला सरदार आजच्या लोकलला आडवा येतो!

मी त्यांना म्हटलं, हे काहीच नाही, आमच्याकडे आभाळ आडवं आलंय. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आम्ही केस काळे होते तेव्हापासून ऐकतोय. चाकण, मंचर, नारायणगाव असा मार्ग आखला, जमिनींच्या मोजण्या झाल्या, काहींनी तर खिडकीची जागासुद्धा मनात ठरवून टाकली. पण जुन्नर तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी कान देऊन ऐकत असतात. शेजारून रेल्वे गेली तर त्यांना ऐकू येणार नाही, म्हणून तो मार्ग अडला. विज्ञानाबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या लहरींना पोचायला कोट्यवधी वर्षं लागली, तरी त्या आमच्या रेल्वेच्या आधी पोचल्या, याची नोंद कुठंतरी व्हावी.

एका बाबतीत मात्र इटलीला मानलं. तिकडे संपालाही वेळापत्रक असतं. कुठल्या शुक्रवारी संप आहे हे आधी जाहीर होतं, आणि संपाच्या दिवशीसुद्धा रोममध्ये सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ गाड्या सोडाव्याच लागतात, तसा नियम आहे. चाकरमान्यानं कामावर जावं, घरी यावं, मधल्या वेळेत संप. आपल्याकडे २०२१ च्या दिवाळीच्या आगेमागे एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ चा एप्रिल उजाडला तेव्हा मिटला. कामगारांचं दुखणं खरं होतं, हे त्यांच्या पगाराचा आकडा ऐकलेला कुणीही सांगेल. पण मंचरला शिकायला जाणाऱ्या पोरींनी त्या महिन्यांत जीपच्या मागच्या फळकुटावर बसून जे घाट पाहिले, ते पाहता एखादी साडेआठची गाडी चालली असती.

राहता राहिले ते रस्ते. राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव अशी बाह्यवळणं झाली, गाड्या भन्नाट सुटतात. पण लांब पल्ल्याची गाडी जितकी जोरात सुटते तितकी ती गावातून जाण्याची शक्यता कमी. त्यातही 'विनाथांबा, विनावाहक' अशी पाटी असेल तर हात वर करण्याचे कष्टही घेऊ नयेत. रोममध्ये सगळ्याच गाड्या विनावाहक. पण थांब्यावर उभं राहून हात केला की त्या थांबतात, आणि उतरायचं असेल तर दांड्यावरचं बटण दाबलं की पुढच्या थांब्यावर दार उघडतं. मंडळींना ते बटण फार आवडलं. नको असतानाही दाबून पाहायची.

तुम्हाला पेठला यायचं असेल, तर शिवाजीनगरहून, म्हणजे वाकडेवाडीहून, नारायणगाव किंवा जुन्नरची साधी लाल गाडी धरा. विनाथांबाच्या नादी लागू नका. बसल्या बसल्या कंडक्टरला "पेठला उतरायचंय" म्हणून सांगून ठेवा, आणि कुठलं पेठ तेही सांगा. खेड घाट चढला की उठून दाराशी या. बटाट्याच्या दिवसांत आलात तर दारात एखादं पोतं आडवं असेल. त्यावर पाय देऊ नका, बहुतेक माझंच असेल.